एकट्याने चालवायची पहिली शिडाची होडी

चि. भाच्यास, मु. तिरुवैयारू.

एकट्याने शिडाची होडी चालवू पाहणाऱ्या नवशिक्याची पहिली होडी चार-सव्वाचार मीटर लांबीची, एकाच शिडाची आणि काम झाल्यावर किनाऱ्यावर ओढून घेता येणारी असावी. ती उलटणारच, हे धरून चालावे. उलटल्यावर एकट्याच्या वजनाने सरळ करता येते की नाही, ही तिची पहिली परीक्षा. वेग, केबिन, रंग, देखणेपण हे सगळे त्यानंतरचे. होडी घेणारे बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात आणि मग ती होडी झाडाखाली ताडपत्रीत गुंडाळून पडते.

होडीच्या आधी पाणी ठरते. तिरुवैयारूसारख्या पाच नद्यांच्या गावात राहून शीड उभारायला जागा नसावी हे चमत्कारिक वाटते, पण आहे तसेच. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाने १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. या मुदतीत तिरुवैयारूच्या कावेरीला ओढ असते आणि उरलेल्या काळात बहुतेक वाळू. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे तिरपे फेरे मारत वर चढावे लागते. त्याला रुंद पाणी लागते. नदीत दोन फेरे होईतो काठ येतो, तेवढ्यात प्रवाहाने होडी खाली नेलेली असते आणि खाली पूल असतो. पुलाखालून होडी जाते, डोलकाठी जात नाही.

उरले दोन पर्याय. एक चेन्नई, तीनशे किलोमीटरहून लांब. तिथे १९११ साली स्थापन झालेला रॉयल मद्रास यॉट क्लब आहे, तमिळनाडू सेलिंग असोसिएशन आहे, बंदरातले आडोशाचे पाणी आहे आणि मुख्य म्हणजे शिकवणारे लोक आहेत. दुसरा पर्याय तंजावर जिल्ह्याचाच किनारा. तंजावरहून साठ-सत्तर किलोमीटरवर, मल्लिपट्टिनमजवळ, सरफोजीराजांनी बांधलेला मनोरा उभा आहे. त्याच्यापुढे पसरला आहे तो पाल्क उपसागर. शिकण्याचा पहिला हंगाम चेन्नईत क्लबच्या होडीवर काढावा, खरेदी त्यानंतर करावी. हा क्रम पैसे वाचवण्यासाठी नाही, जरी पैसे वाचतात. शिडाचा दोर हातात धरून काही तास काढल्याशिवाय आपल्याला काय हवे आहे हेच माणसाला कळत नसते.

पाल्क उपसागर उथळ आहे, तळ बराचसा चिखलाचा आणि समुद्री गवताचा. या गवतावर जगणाऱ्या डुगाँग या समुद्री प्राण्यासाठी तंजावर आणि पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटरचा पट्टा सप्टेंबर २०२२मध्ये राखीव जाहीर झाला. होडी निवडणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तळाशी कायमचे जड वजन असलेली, खोल बुडणारी होडी तिथे कामाची नाही. पाण्यात खाली उतरणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, हाताने वर ओढता आली पाहिजे आणि सुकाणूही वर उचलता आले पाहिजे. सुकाणूला गवत अडकले की होडी ऐकेनाशी होते. नवशिक्याला वाटते वारा पडला, आणि तो उगाच शीड ओढत बसतो.

समुद्रावरच्या एकट्या माणसाच्या गोष्टी वाचून हे वेड लागलेल्यांना इथे थोडे थांबवावे लागते. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, ५६ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’, जिच्यावरून १९६८-६९मध्ये एकट्याने कुठेही न थांबता जगाची पहिली फेरी झाली, ती सागवानी आणि मुंबईतच बांधलेली, ३२ फुटी. दोन्ही होड्यांचा अभिमान बाळगावा, पण त्यांच्याकडे बघून पहिली होडी ठरवू नये. लांब होडीत एकटा माणूस सुरक्षित असतो तो आधीच्या तयारीमुळे आणि मागे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांमुळे. अभिलाष टॉमी यांच्यासारख्या मुरलेल्या खलाशाचीही डोलकाठी सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर इजा झाली आणि एका फ्रेंच जहाजाने येऊन त्यांना उचलले. मोठी होडी चुका झाकते, त्यामुळे तिच्यावर शिकणाराही हळू शिकतो. छोटी होडी चूक होताक्षणी पाण्यात टाकते.

या सगळ्यातून गाळून जी होडी उरते तिचे जुने नाव लेझर. २०१९पासून ती अधिकृतपणे आयएलसीए या नावाने ओळखली जाते, क्लबांमध्ये अजून लेझरच म्हणतात. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी तिचा आराखडा केला. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या सांगाड्याचे वजन साधारण ५९ किलो, शीड एकच. १९९६पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. एप्रिल २०२१मध्ये ओमानमधल्या मुसन्नाह इथे ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेल्या पहिल्या भारतीय महिला नौकानयनपटू नेत्रा कुमनन चेन्नईच्या, आणि त्यांची होडी याच कुळातली. नवशिक्याला ऑलिंपिकशी कर्तव्य नाही. त्याला कर्तव्य आहे ते याच्याशी, की ही होडी देशात बऱ्याच क्लबांत आहे, तिचे सुटे भाग मिळतात, जुनी विकत मिळते आणि नकोशी झाली तर विकलीही जाते. एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याची एकुलती एक सुरेख होडी घेतली की पहिला तुटलेला खिळा बदलायलाही सुताराच्या पाया पडावे लागते.

तिचा दुसरा मोठा गुण शिडाच्या मापांत आहे. त्याच सांगाड्यावर डोलकाठीचा खालचा भाग बदलून तीन मापांची शिडे चढतात: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. सत्तर किलोच्या पुढच्या माणसाला मोठे शीड पेलते, पण पहिल्या वर्षी साठ-सत्तर किलोच्या नवशिक्याने मधल्यावरच राहावे आणि वारा चढला की सर्वांत लहान वापरावे. मोठे शीड घेऊन पुढे त्यात ‘बसायला’ शिकू, हा हिशेब चुकतो. भ्यालेला माणूस शिकत नाही.

बाकीच्या होड्या थोडक्यात. ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची, मोठ्या माणसाला तीत गुडघे मावत नाहीत. एंटरप्राइझ क्लबांमध्ये पुष्कळ दिसते, स्वस्तही मिळते, पण ती दोन शिडांची आणि दोन माणसांची. उलटल्यावर पोटात पाणी भरून घेते आणि एकट्याला ते उपसून पुन्हा निघणे फार जड जाते. होबीसारख्या जोडहोड्या वेगवान आणि वाळूवरून सोडायला सोप्या असतात, मात्र सोळा फुटी होबी पालथी झाली की एका सडपातळ माणसाच्या वजनाने बहुधा उठत नाही. आपल्या मुलखात सगळ्यात जास्त मोह पडतो तो मच्छीमारांच्या फायबरच्या होडीला बांबूची डोलकाठी लावून घेण्याचा. ती होडी इंजिनासाठी घडवलेली असते, तिला खाली फळी नसते. वाऱ्याबरोबर ती छान जाते, परत येताना मात्र पुढे सरकण्यापेक्षा आडवी जास्त वाहते. प्लायवूडची होडी घरी बांधणे हा सुंदर छंद आहे. त्यातून माणूस सुतारकाम शिकतो, समुद्र वर्षभराने.

उलटलेली होडी सरळ करण्याची रीत जवळून पाहिली की निवडीमागचे सगळे कारण कळते. लेझर आडवी झाली की शीड पाण्यावर पसरते आणि होडीची फळी पाण्याबाहेर आडवी निघते. माणसाने पडताना शिडाचा दोर सोडायचा नसतो, त्याचे एक टोक हातात ठेवायचे असते. आडव्या होडीला वारा पोहणाऱ्यापेक्षा जोराने ढकलतो आणि एकदा ती हातातून गेली की गाठणे कठीण. दोर ढिला आहे, कुठे चिमट्यात अडकलेला नाही, हे पाहून पोहत फळीकडे यायचे. फळीच्या टोकापेक्षा बुडाशी, होडीला लागून वजन द्यायचे, नाहीतर फळी मोडते. दोन्ही हातांनी काठ धरून मागे झुकले की होडी क्षणभर हलत नाही, मग शिडावरचे पाणी ओघळते आणि ती एकदम उठते. त्या वेळी नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याच्या दिशेला असली तर बरे, नाहीतर शीड लगेच भरते आणि होडी दुसऱ्या अंगाला पडते. लेझरची बसायची खोबण उथळ आहे, सांगाडा बंदिस्त आणि हवाबंद. आत शिरलेले थोडे पाणी चालता चालता बुडाच्या भोकातून निघून जाते. पाल्कच्या उथळ पाण्यात एक जास्तीची अडचण आहे. होडी पूर्ण पालथी झाली तर सहा मीटरच्या आसपासची डोलकाठी सरळ चिखलात रुतते. म्हणून तिथे होडी आडवी होताच, पालथी होण्याआधी, फळीवर पोहोचण्याची सवय हवी. हा सराव कमरेएवढ्या पाण्यात, कोणीतरी जवळ उभे असताना, मुद्दाम होडी पाडून करावा.

नवी होडी घेण्याची गरज नाही. जुनी घेताना विकणाऱ्याच्या गोष्टी ऐकाव्यात आणि डोळे डोलकाठीच्या खाचेवर ठेवावेत. डोलकाठी ज्या खड्ड्यात उभी राहते तो लेझरचा सर्वांत दुबळा भाग. त्यात पाणी ओतून थोडा वेळ थांबावे. पातळी खाली गेली तर पाणी सांगाड्यात झिरपते आहे. खड्ड्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग अंगठ्याने दाबून पाहावा, करकरला किंवा दबला तर आतला जोड सुटला आहे. मग होडी एका टोकाला उचलून हलवावी. आतून खळखळ ऐकू आली तर मागचे बूच काढून किती पाणी निघते ते पाहावे. डोलकाठीच्या वरच्या भागाला जिथे खिळे मारले आहेत तिथे गंज चढतो आणि ती नेमकी तिथेच मोडते. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून पाहाव्यात. शीड हातात घ्यावे: जुने शीड चुरगळलेल्या साडीसारखे लुळे लागते, पण शिकायला तेही चालते आणि त्यावरून किंमत खाली आणता येते. बुचे विकत घेतानाच दोन जास्त घ्यावीत. तिरुवैयारूच्या त्यागराजांच्या ‘नौकाचरित्रम्’मध्ये गोपींची नाव गळू लागते आणि भोक बुजवायला त्यांना अंगावरची वस्त्रे काढावी लागतात, बूच विसरलेल्या खलाशाची गत फार वेगळी नसते. होडीबरोबर दोन चाकांची गाडी मागून घ्यावी. एकोणसाठ किलो एकट्याला वाळूवरून ओढता येत नाहीत, गाडीवर सहज येतात.

लाइफ जॅकेट, उन्हाची टोपी, बोटे उघडी असलेले हातमोजे, पिण्याचे पाणी आणि पाण्यापासून जपलेला फोन यांवर जास्त लिहिण्याची गरज नाही. जॅकेट घातलेले असावे, होडीत ठेवलेले नव्हे.

वाऱ्याबद्दल मात्र लिहायला हवे. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत दिसते, होडी आपोआप बाहेर जाते आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. एकट्या नवशिक्याने या वाऱ्यावर निघू नये. दुपारी खारे वारे सुरू झाले की ते किनाऱ्याकडे आणतात. काही बिघडले तरी होडी वाळूवर येऊन पडते. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की परतावे. तो साधारण बारा-तेरा नॉटचा वारा असतो. पाल्कमध्ये आणखी एक रेषा ध्यानात ठेवावी लागते. भारत आणि श्रीलंका यांच्यातली तिथली सागरी सीमा १९७४च्या कराराने ठरली आहे, पाण्यावर ती दिसत नाही, आणि ती ओलांडलेल्या मच्छीमारांना अटक होत असल्याच्या बातम्या तंजावरच्या वर्तमानपत्रांत नेहमीच्या आहेत. शिकाऊ माणसाने मनोरा नजरेत राहील एवढ्यातच फिरावे. निघण्याआधी सागरी पोलिसांना कळवावे, किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगावी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्याच्याकडेही असावा. वेळ टळून अर्धा तास झाला की त्याने वाट पाहत बसू नये, फोन करावा.

१५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक मच्छीमार बोटींना पूर्व किनाऱ्यावर बंदी असते. त्या दिवसांत पाण्यावर गर्दी कमी असते, पण मदतीला येऊ शकणाऱ्या बोटीही कमी. म्हणून तिथे एकट्याने सुरुवात करायला जानेवारी अखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा काळ सोयीचा. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी वारे येतात आणि त्यांच्याबरोबर चक्रीवादळे. १६ नोव्हेंबर २०१८चे ‘गाजा’ याच किनाऱ्यावर उतरले होते. तेव्हा ऑक्टोबर लागताच डोलकाठी उतरवावी, शीड गोड्या पाण्याने धुऊन सुकवून गुंडाळावे, बूच काढून ठेवावे म्हणजे आतली ओल निघून जाईल, आणि होडी पालथी घालून, किनाऱ्यापासून आत, नारळाच्या झाडांना नव्हे तर बळकट खुंट्यांना दोन ठिकाणी बांधावी.

कळावे.
मामा