एकच लॉज धर, बाई

अगं, तू पाठवलेला सहलीचा बेत वाचला. सात दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मसाई मारा! हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून केनियाला निघालीस आणि तिथेही अर्धी सुट्टी गाडीतच काढणार? बाकीची नावं खोड. माराच्या बाजूला एकच लॉज धर आणि चार रात्री तिथून हलू नकोस.

त्यातही मुख्य अभयारण्याच्या आत राहण्यापेक्षा शेजारची एखादी कॉन्झर्व्हन्सी बघ. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी ही त्यातली नावं. ही जमीन मसाई कुटुंबांची. लॉजवाले त्यांना भाडं देतात आणि गाड्यांची संख्या आटोक्यात ठेवतात, त्यामुळे एका सिंहिणीभोवती जीपांचा गराडा पडत नाही. रात्रीची फेरी आणि गाईडबरोबर पायी भटकंतीही मिळते. आतल्या अभयारण्यात दोन्हीला मनाई आहे. महाग पडतं, खोटं कशाला बोलू. पण तीन ठिकाणची हॉटेलं आणि गाडीभाडं वजा कर, मग बोल.

नदी ओलांडणारे विल्डबीस्ट दिसलेच पाहिजेत, असा तुझ्या नवऱ्याचा हट्ट आहे ना? सेरेंगेटीतून कळप जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास येतात, हे खरं. पण कुठल्या दिवशी, कुठल्या घाटावर, हे गाईडही सांगू शकत नाही. काठावर तासन्‌तास उभे राहतात आणि माघारी फिरतात. शिवाय अभयारण्याचं शुल्क जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे. एक दिवस द्या नदीला. दिसलं तर दिसलं.

आता तुझ्याबद्दल. तुला दुपार जड जाणार. पहाटे सहाच्या आत गाडी निघते, साडेदहा-अकराला परत, मग चारपर्यंत काहीच नाही. तू वायफाय शोधशील. लॅपटॉप घरीच ठेव, आणि ‘फक्त मेल बघते’ हे मला सांगू नकोस, मी तुला लहानपणापासून ओळखते. फेरीतही तसंच. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास झोपतो, तेव्हा तुला बहुतेक वेळा त्याचं पोटच दिसेल. गाईड इंजिन बंद करून थांबला की ‘पुढे चला’ म्हणू नकोस. थांबलीस तरच वारुळावर चढून टेहळणी करणारा चित्ता दिसतो, आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा चुलतभाऊ दिसतो, बाभळीच्या फांदीवर सुगरणीच्या भाऊबंदांची घरटी दिसतात. ‘बिग फाइव्ह’ची यादी करून टिकमार्क लावणाऱ्यांची मला तर कीवच येते, ऑफिसातलं टार्गेट रानात कशाला न्यायचं?

बायकांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. रस्ते भयंकर उसळवतात, स्पोर्ट्‌स ब्रा घाल. लघवी लागली तर गाईडला बेधडक सांग, तो आसपास बघून सुरक्षित झुडूप दाखवतो. दाबून बसू नकोस. पाळी येणार असेल तर कापडी पिशवी जवळ ठेव, वापरलेलं सगळं परत न्यायचं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७पासून बंदी आहे. आणि मारा दीड हजार मीटरहून उंच, म्हणून पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर, कानटोपी, धुळीसाठी ओढणी. निळे-काळे कपडे नकोत, चावऱ्या त्सेत्से माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात.

बऱ्याच लॉजला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून एकटीने पाय बाहेर काढायचा नाही. रखवालदार, तिथे त्याला आस्कारी म्हणतात, टॉर्च घेऊन न्यायला येतो. रात्री तरस ओरडेल, पाणघोडा तंबूजवळ चरत असेल. चेन बंद आणि पांघरूण डोक्यावरून!

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असशील तर हातातल्या सामानासकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. ती चाकांची कडक ट्रॉली विसर. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचार. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, आणि तीही सरकारमान्य केंद्रातूनच. तो दाखला हरवू नकोस. केनियातून परतताना आपल्याच विमानतळावर मागतात आणि नसला तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

जेवणाची काळजी नको. रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या माणसांमुळे चपाती तिथे घरचीच झाली आहे. तुझा श्रावण त्यातच येतोय, तर कांदा-लसूण नको हे बुकिंग करतानाच कळव. आणि सासूबाईंनी दिलेला चिवडा तंबूत ठेवू नकोस, स्वयंपाकघरात दे. माकडांना तुझ्या बॅगेची चेन उघडता येते.