आधी सूर्याला विचारा, मग छत्री वळवा

प्रश्न : आमच्या गच्चीवर केबलच्या धंद्यातली जुनी १२ फुटी जाळीची छत्री आहे. १०५.५ अंश पूर्वेचा आशियासॅट अजून झकास लागतो. आता पश्चिमेला अगदी खाली असलेले, आखाताच्याही पलीकडचे उपग्रह पकडायचे आहेत. मोटर फिरते, पण पडद्यावर काही येत नाही. छत्री लहान पडते का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : छत्री लहान नाही. १९९१ मध्ये आशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही आला तेव्हा अशाच छत्र्यांवर गल्लीच्या गल्ली चालली. अडचण बहुधा कोनाची आहे.

हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. भिवंडीतून त्यांची रांग कमानीसारखी दिसते. ऐन दक्षिणेला ती ६७ अंश चढते आणि पूर्व-पश्चिमेला क्षितिजाला टेकते. आशियासॅट तुमच्याकडून ४७ अंश उंच आहे, २६ अंश पूर्वेचा बद्र ३३, तर १३ अंश पूर्वेचा हॉटबर्ड २०. ३ अंश पूर्वेला उंची १० अंशांवर येते आणि ७ अंश पश्चिमेचा नाईलसॅट एक अंशही वर येत नाही. त्याचा नाद सोडा. हॉटबर्डचाही सोडा, कारण त्याचे झोत युरोप आणि पश्चिम आशियाकडे रोखलेले आहेत. उपग्रह आकाशात असला म्हणजे त्याचं प्रक्षेपण आपल्या गच्चीवर पडतंच असं नाही. इतक्या खाली आशा ठेवायची ती सी बँडच्या रुंद झोतांची.

आता मोटरकडे या. तुमची छत्री बहुधा पोलर माउंटवर असेल, म्हणजे एकाच आसाभोवती फिरून सगळी कमान पुसणारी. हा आस खऱ्या उत्तर-दक्षिणेला हवा. समजा तो एका अंशाने चुकलाय. आशियासॅटला ही चूक अर्ध्या अंशाच्या जरा वर जाते, आणि सी बँडवर १२ फुटी छत्रीचा झोत सुमारे १.४ अंश रुंद असल्याने चित्र तगून राहतं. पश्चिमेच्या टोकाला मात्र तीच चूक जवळजवळ पूर्ण अंशाची होते, तीही उलट्या बाजूला. कुणी आशियासॅट जुळवण्यासाठी छत्रीचा कल थोडा हलवला असेल, तर पश्चिमेला दोन्ही चुकांची बेरीज होते. माझा पहिला संशय इथेच आहे. दुसरा संशय छत्री ढकलणाऱ्या दांड्यावर : पूर्वेसाठी बांधलेला दांडा पश्चिमेला टोकापर्यंत पोचतच नाही, तो दुसऱ्या बाजूला बांधावा लागतो.

होकायंत्रावर विसंबू नका, गच्चीतल्या सळ्या त्याला फसवतात. ओळंबा टांगा आणि माध्यान्हीची सावली आखा; तीच खरी उत्तर-दक्षिण. भिवंडीत माध्यान्ह बाराला होत नाही. ऋतूप्रमाणे १२ वाजून २१ मिनिटे ते १२ वाजून ५२ मिनिटे यांच्या दरम्यान होते. त्या दिवसाची वेळ पंचांगातून काढता येते : सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मध्यावर.

सूर्य आणखी एक काम करतो. १२ मार्चच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास तो आकाशात जवळपास उपग्रहांच्याच वाटेने जातो. त्या संध्याकाळी छत्रीपाशी उभे राहा. सूर्य शेजारच्या इमारतीमागे जिथे दडला, त्याखालचे उपग्रह तुम्हाला नाहीत. छत्रीपेक्षा १० मीटर उंच इमारत असेल तर २० अंशांसाठी ती २७ मीटरहून दूर हवी, १० अंशांसाठी ५७ मीटर आणि ५ अंशांसाठी ११४. कारखाने आणि चाळी खेटून असलेल्या भागात ११४ मीटर मोकळी पश्चिम कुणाच्या नशिबी असते? त्यापुढे कामण-घोडबंदरकडच्या टेकड्या आहेतच.

इतक्या खालून काम होतच नाही असं मात्र नाही. जुन्नर तालुक्यातलं आर्वीचं विक्रम उपग्रह भू-केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. हिंदी महासागरावरचा इंटेलसॅट तिथून चांगला उंच दिसे. तोच उपग्रह इंग्लंडातल्या गूनहिलीच्या केंद्राला जेमतेम पाच-सहा अंशांवर दिसे, आणि तरीही वापरला जाई. अर्थात गूनहिलीची छत्री २६ मीटरची आहे आणि तिच्यासमोर चार मजली इमारत नाही.

खाली पाहणाऱ्या छत्रीला आणखी एक शेजारी छळतो : मोबाईलचा टॉवर. २०२२ च्या लिलावात ५जी साठी ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, आणि बाजारातले बरेच एलएनबी (छत्रीवर बसणारे संकेतग्राहक) ३,४०० पासूनच ऐकू लागतात. उंच पाहणाऱ्या छत्रीला हा गोंगाट कमी पोचतो, आडवी छत्री थेट टॉवरच्या डोळ्यांत पाहते. ३,७०० ते ४,२०० एवढंच आत सोडणारा फिल्टर एलएनबीच्या तोंडाशी बसवा.

एकदम तळाला उडी मारू नका. ६८.५, मग ५७ अंश पूर्व असे उपग्रह एकेक पकडत खाली या. जिथे चित्र सुटेल तिथे आसाची चूक सापडेल.

पावसाळ्यात मात्र जपा. पश्चिमेला आडवी केलेली छत्री नैर्ऋत्येच्या वाऱ्यासमोर शिडासारखी उभी राहते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात १२ फुटी भरीव छत्रीवर सहाशे किलोंहून जास्त जोर येतो, जाळीवर थोडा कमी. वाऱ्याची चाहूल लागली की तिला ऐन दक्षिणेला, ६७ अंशांवर आणून ठेवा आणि खांबाचे बोल्ट आवळून घ्या.