पेटीच्या साथीतून शिकलेलं

मोताळा तालुक्यातले सप्ताह, गावोगावची भजनं, कधी बुलढाणा-मलकापूरकडच्या मैफली, असं माझं पेटीच्या साथीचं आयुष्य गेलं. त्यातून हाती लागलेलं नव्या मुलांसाठी लिहितो.

१. आधी भाता, मग बोटं. मुलं पलटे घोटतात आणि डावा हात विसरतात. पेटीतला भाव भात्यातून येतो. महाराज निरूपणात शिरले की भाता हलका करायचा, गजर चढला की भरून द्यायचा.

२. पट्टी गाणाऱ्याची. रात्रीच्या भजनात काळी चारला सहज जाणारा गळा पहाटे काकड्याला खालची पट्टी मागतो. आधी विचारा, मग हळूच षड्ज द्या.

३. बोट उचलायला शिका. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात, बाखच्या काळात, हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याचं मुख्य कामही साथीचंच असे. त्याच्यासमोर फक्त खर्जाची ओळ आणि तिच्यासोबत आकडे लिहिलेले असत. वरचे स्वर त्यानं तिथल्या तिथे भरायचे. आपल्याकडे आकडेही नसतात. गायनाचार्य चाल कुठून उचलणार हे त्यांच्या श्वासावरून ओळखावं लागतं. मात्र हार्पसिकॉर्डची तार छेडली की नाद लवकर विरतो, म्हणून तो वादक मुरक्या घालून जागा भरतो. पेटीचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत वाजतच राहतो आणि गळा झाकून टाकतो. गायकानं तान घेतली की ती जशीच्या तशी वाजवण्याचा मोह होतो. तिचं शेवटचं टोक तेवढं धरावं. माझ्या मते साथीतलं सर्वांत अवघड काम हेच. बाखनं १७२१ च्या पाचव्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोत हार्पसिकॉर्डला एकट्यानं वाजवायची लांबलचक जागा दिली, तीही बाकीची वाद्यं थांबल्यावर. आपली जागाही अशीच येते. पालुपद संपून गायक श्वास घेतो, तेवढ्यात जे सांगायचं ते सांगावं.

४. गांधाराशी जपून. बाजारातल्या पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा, चढा असतो. मींडही पेटीतून निघत नाही. अशाच आक्षेपांवरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. तरीही गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी याच वाद्याला मान मिळवून दिला. आक्षेप खरा होता, बंदी चुकीची होती. भूप गाताना गायक गांधारावर थांबला की मी ती पट्टी सोडतो आणि षड्ज-पंचम धरतो. त्याचा गांधार मोकळा होतो.

५. पेटी जपा. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. धूळ सुरात शिरली की सूर बसतो. कार्यक्रम संपला की कापडात गुंडाळून पेटी बंद करावी.

६. बिदागी आधी बोलून घ्या. यात संकोच नको, विद्येचा अपमानही नाही.

सप्ताह भरवणाऱ्यांना एक विनंती. पेटीवाल्याला कर्ण्याशेजारी बसवू नका, गायनाचार्यांच्या जवळ जागा द्या. त्याला गळा ऐकू आला तरच साथ होते.