पोळी खाता खाता रक्त तपास

अगं, पोराचं पोट दुखलं की ओवा चाव, पोटावर हिंग लाव, त्याला माझी ना नाही. पण महिना महिना पोट फुगलेलंच, शी फिकट, तेलकट, उग्र वासाची, सारखं तोंड येतंय आणि बरोबरीची मुलं उंच झाली तरी हा होता तेवढाच, तर जंतांच्या औषधावर थांबू नकोस. लोहाचं औषध नेमानं पाजूनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर नक्कीच नको. जुलाब व्हायलाच हवेत असंही नाही. कित्येकांना उलट खडा होतो, नि त्यातच वर्षं निघून जातात.

सीलिॲक म्हणतात त्या दुखण्यात गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतली लव झिजते. मग खाल्लेलं अंगी लागणार कुठून?

आता हे मात्र नीट ऐक. कुणीतरी सांगेल, गहू बंद करून बघ. बघू नकोस! गहू सुटला की रक्तातली खूण ओसरत जाते आणि दुखणं असूनही रिपोर्ट चांगला येतो. पोळी चालू असतानाच टीटीजी-आयजीए करून घे, सोबत एकूण आयजीएही. ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसते. पुढे डॉक्टर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा कण काढून बघतील.

पक्कं झालं तर पथ्य जन्माचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं, त्यामुळे आपल्या घरात तसं जड नाही. गोची होते गिरणीत. गव्हावर ज्वारी दळून आणलीस की पथ्य मोडलंच. घरघंटी घे आणि तिच्यात गहू घालूच नको. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेही वाचून घे. मेतकूट, भाजणी गहू न घालता घरी वेगळी कर, सातूचं पीठ मात्र नकोच. सासूबाई म्हणतील, सणाला एखादी पुरणपोळी खाऊ दे. नाही चालत. पोट दुखलं नाही तरी आतडं झिजतं.

धाकटीचंही रक्त तपास. सख्ख्या भावंडांत साधारण १० जणांत एकाला निघतं. घरात कुणाला थायरॉइड किंवा लहानपणीच लागलेला मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांग.

आणि शीतून रक्त पडलं, किंवा जुलाबानं रात्री झोपेतून उठावं लागलं, तर ते दुखणं वेगळंही असेल. मूळव्याधीच्या मलमावर दिवस काढू नकोस, लगेच दाखव.