छाप पाहूनच बाटली घ्यावी

सोलापुरातील ज्या भांडीविक्रेत्याने ‘304’ प्रतीच्या म्हणून सांगून आमच्या घरात हलक्या स्टीलच्या बाटल्या घातल्या, त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. प्रकरणाची तड कायदेशीर मार्गानेच लावायची असे मी ठरविले असून, आयुष्याची बहुतेक वर्षे तहसील कचेरीत अर्ज, जबाब आणि टिपण्या यांच्या सहवासात काढलेल्या माणसाने निकालापूर्वीच कोणाला दोषी म्हणून जाहीर करणे शिस्तीला धरून होणार नाही. परंतु घडले ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थताही लाभणार नाही, आणि ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांना तरी ते कळणे अगत्याचे आहे.

आमची तामलवाडी सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यावर असल्यामुळे कोजागरीच्या सुमारास आई तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांचा जो प्रवाह सोलापूर, कर्नाटक आणि तेलंगणाकडून येतो तो आमच्या दारावरूनच पुढे जातो, आणि तो ओसरल्यावर रस्त्याच्या दुतर्फा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा व पाऊचांचा जो खच पडलेला असतो तो पाहिला म्हणजे 2018 च्या मार्चमध्ये निघालेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेचे पुढे काय झाले, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहतो. आपल्या घरातून तरी या कचऱ्यात भर पडू नये, एवढ्याच हेतूने घरातील प्रत्येकासाठी धातूची बाटली घेण्याचे आम्ही ठरविले.

दुकानात मी पहिला प्रश्न केला तो आयएसआयच्या छापेचा. “काका, छाप खोक्यावर असते, अन् खोकी गोदामात हायेत,” असे उत्तर मिळाले. आणि लगोलग त्या गृहस्थाने गल्ल्याच्या खणातून लोहचुंबक काढून बाटलीच्या पोटाला लावले व सोडून दिले. चुंबक खाली पडले. “चिकटतंय का बघा. अस्सल तीनशे चार. बिनघोर वापरा.” पक्की पावती मागितली तेव्हा ‘जीएसटी वेगळा पडेल’ हे ठरलेले वाक्य आले. तो भरण्याची तयारी दाखविल्यावर नाइलाजाने पावती फाडण्यात आली, तीवर ‘स्टील बॉटल, नग’ एवढेच लिहिलेले होते. मी ती त्याच्यापुढे परत सरकवली आणि जे तोंडाने सांगता तेच कागदावर लिहा, असा आग्रह धरला. कपाळाला आठ्या घालून त्याने ‘304’ हा आकडा लिहिला व खाली सही केली. त्या वेळी दुकानातील दोघे-तिघे माझ्याकडे पाहून हसले होते, याची मला आजही आठवण आहे; कारण आज माझ्या हातात जो काही पुरावा आहे तो त्या आकड्याचाच आहे.

आमच्याकडील बोअरचे पाणी जड आणि खारट. प्यायला बहुतेक घरी जार येतो. पण जार संपला, वीज गेली, उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर चढला की बोअरच्याच पाण्याने बाटली भरली जाते, आणि धुतली तर ती नेहमी त्याच पाण्याने जाते. पावसाळा संपत आला असताना सूनबाईंनी धाकट्या नातवाची बाटली उजेडात धरून मला हाक मारली. गळ्याच्या आतल्या बाजूस, जिथे दोन भाग सांधलेले असतात त्या रेषेवर, तपकिरी ठिपक्यांची ओळ उमटली होती. बोट फिरविले तर बोटाला गंज लागला. पाण्याला लोखंडी चव येते अशी तक्रार तो मुलगा पूर्वीच करीत होता, आणि शाळेत न्यायला नको म्हणून सबब सांगतो आहे, असे आम्ही सर्व धरून चाललो होतो. थोरल्या नातवाची बाटली दुहेरी भिंतीची, पाणी थंड ठेवणारी. तिच्या बुडाची पातळ चकती निघून आली होती, आणि त्या चकतीमागे मधोमध एक करडा, मऊ दिसणारा ठिपका उघडा पडला होता.

खरा उलगडा झाला तो एका भंगारवाल्याकडे. ज्या वस्तूची परीक्षा विक्रेत्याला येत नाही म्हणून तो सांगतो, तिची परीक्षा भंगाराचा व्यापार करणाऱ्यास रोज करावी लागते, कारण 304 च्या भंगाराला भाव जास्त मिळतो आणि फसगत झाली तर ती त्याच्याच खिशाला लागते. त्याने एक लहानशी कुपी काढली, बाटलीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूस द्रवाचा एक थेंब टाकला, नऊ व्होल्टच्या बॅटरीची तार क्षणभर लावली, आणि थेंब माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. त्याच द्रवाचा थेंब त्याने शेजारच्या एका जुन्या दूधडेअरीच्या नळीवर टाकला. तो लाल झाला नाही. “साहेब, ही दोनशेची जात,” एवढेच तो म्हणाला.

या ‘जाती’चा अर्थ पुढे मी समजून घेतला. 304 या प्रकारात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. बाटलीवर ‘18/8’ असे कोरलेले असते ते याच प्रमाणावरून. निकेल महाग, म्हणून 202 सारख्या प्रकारात ते 4 ते 6 टक्क्यांवर आणून त्याची उणीव साडेसात ते 10 टक्के मँगनीज घालून भरून काढतात. स्टेनलेस स्टीलचे गंजापासून रक्षण त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा करतो, आणि खाऱ्या पाण्यातील क्लोराइड नेमके त्याच पापुद्र्याला भेदते. हलक्या प्रतीच्या स्टीलमध्ये, विशेषतः सांध्याच्या जागी, हा भेद लवकर होतो. 202 म्हणजे विष नव्हे, कोरड्या डब्याला ते चालूनही जाईल. परंतु आमच्यासारख्या खारट पाण्याच्या मुलखात ज्या वस्तूत अहोरात्र पाणी राहायचे तिला ते योग्य नाही. आणि चुंबकाची गोष्ट तर सरळ दिशाभूल आहे: 202 लाही चुंबक चिकटत नाही, उलट अस्सल 304 सुद्धा दाबून-ओढून आकार दिल्यावर कडांपाशी चुंबकाला किंचित ओढू शकते. ही गोष्ट भांड्यांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला ठाऊक नसेल, हे मी मानायला तयार नाही.

त्या विक्रेत्याचे वर्तन मात्र मला त्या गंजापेक्षाही अधिक लागले. बाटल्या व पावती घेऊन गेलो तेव्हा त्याने त्या हातात घेतल्याच नाहीत, गिऱ्हाइकांच्या देखत मोठ्याने म्हणाला, “तुमच्या गावचं पाणीच खराब हाय काका, त्याला आम्ही काय करणार?” माझ्या पत्नीच्या लग्नातील स्टीलची कळशी आजतागायत त्याच पाण्याने भरली जाते आणि तिच्यावर एक डाग नाही, हे मी त्याला सांगितले. त्याने फोन कानाला लावला. करड्या ठिपक्याविषयी विचारले असता, “ते भायेरच्या अंगाला असतंय, पाण्याला लागत न्हाई,” असे उत्तर आले. ते शिशाचे आहे काय, या प्रश्नाला उत्तर नाही. उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, चाचणीचा दाखला नाही. शेवटी नोकराला हाक मारून “काकांना एक दुसरी देऊन टाक” असे त्याने फर्मावले, जणू मी याचक म्हणून त्याच्या दारी उभा होतो.

ठिपक्याविषयी त्याचे वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. दुहेरी भिंतीच्या बाटलीतील हवा काढून घेतल्यावर बुडाचे सूक्ष्म छिद्र बंद करावे लागते; काही कारखाने त्यासाठी शिसेयुक्त डाग वापरतात व वर स्टीलची चकती बसवितात, तर काही शिसेविरहित काचेचा मणी वापरतात. अमेरिकेतील स्टॅनली या प्रख्यात कंपनीने आपल्या बाटल्यांच्या बुडाशी असे शिसे असल्याचे 2024 च्या जानेवारीत मान्य केले, आणि चकती शाबूत आहे तोवर ते कोणाच्या संपर्कात येत नाही असा खुलासा केला. त्यापूर्वी 2022 च्या नोव्हेंबरात ग्रीन स्प्राउट्स या कंपनीला लहान मुलांचे पेले व बाटल्या परत मागवाव्या लागल्या होत्या, त्या बूड निघून हाच डाग उघडा पडू शकतो या कारणावरून. पाण्याला तो लागत नाही, हे खरे. पण मुलाची बोटे बुडाला लागतात आणि तीच बोटे तोंडात जातात, आणि रक्तातील शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. तेव्हा चकती निघालेली बाटली त्याच क्षणी बाद करावी. डिंकाने किंवा एम-सीलने चकती चिकटवून ती पुन्हा मुलाच्या दप्तरात घालू नये.

आता छापेविषयी, कारण सारे काही तिच्यापाशी येऊन थांबते. केंद्र शासनाने 5 जुलै 2023 रोजी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा हुकूम काढला, आणि तांबे, स्टेनलेस स्टील व अॅल्युमिनियम या तिन्ही धातूंच्या बाटल्यांना आयएस 17803 हे मानक लागू केले. उष्णतारोधक बाटल्यांसाठी त्याच महिन्यात निराळा हुकूम निघाला. छाप पाहावी ती अशी: चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक. हा दुसरा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये दुकानात उभ्या उभ्याच घालून पाहावा. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, हे समोर येते. नाव जुळत नसेल तर वस्तू काउंटरवर ठेवून बाहेर पडावे. खोके गोदामात आहे म्हणणाऱ्यास ते आणावयास सांगावे व तोवर पैसे देऊ नयेत. बंधनकारक छापेविना माल विकणे हा गुन्हा असून भारतीय मानक ब्यूरोच्या 2016 च्या कायद्यान्वये पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 2 लाख रुपये दंड होऊ शकतो, ही गोष्ट विक्रेत्याला सौम्य शब्दांत सांगितली तरी गोदामातले खोके लवकर सापडते.

तांब्याच्या बाटल्या तुळजापूरच्या बाजारात हौसेने घेतल्या जातात. त्यांत दोष नाही. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातील रोगजंतू मरतात, हे बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, 16 तास पाणी ठेवून, दाखविले आहे, आणि त्या पाण्यात उतरलेले तांबेही मर्यादेच्या आतच होते. पण ते केवळ पाणी होते. ताक, लिंबाचे सरबत, कोकम तांब्यात घालू नये; कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते हे आपल्या आजीला ठाऊक होते, आणि मळमळ, उलटी, पोटदुखी ही त्याचीच लक्षणे. शाळेच्या डब्याबरोबर सरबत देणाऱ्या मातांनी हे ध्यानी ठेवावे. अॅल्युमिनियमच्या बाटलीस आतून लेप असतो. तो लेप कशाचा, हे विचारावे. स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीला आपल्या जुन्या लेपात बीपीए हे रसायन अल्प प्रमाणात होते, हे 2009 मध्ये कबूल करावे लागले. आत ओरखडा दिसला की ती बाटली पाण्यासाठी ठेवू नये.

दुहेरी भिंतीची बाटली घेताना तीत उकळते पाणी भरून झाकण लावावे व थोड्या वेळाने बाहेरून हात फिरवावा; बाहेरून चटका बसला तर आतली पोकळी राहिलेली नाही. वास घेऊन पाहावा, झाकणाची रबरी कडी सुटी निघते की नाही ते पाहावे. पाण्याचा पांढरा थर साचला तर लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्याने तो निघतो. तारेची घासणी आणि ब्लीचिंग पावडर मात्र कदापि वापरू नये, कारण क्लोरीनने चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात. बाकी स्वस्ताच्या मागे लागू नये, ओळखीच्या दुकानातून घ्यावे, घाई करू नये, इत्यादी गोष्टी सर्वजण जाणतात. माझा अनुभव मात्र असा की ते दुकान ओळखीचेच होते.

फसगत झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर प्रथम तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक टिपून ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच फिर्याद दाखल करता येते, म्हणजे तामलवाडीच्या माणसाला सोलापूरचे हेलपाटे घालावे लागत नाहीत, धाराशिव पुरते. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मूळ पावती आपल्याजवळ ठेवून नक्कल जोडावी. बाटली घासून लख्ख करू नये, डाग हाच पुरावा आहे. तारीख दिसेल असे छायाचित्र काढून ती कागदात गुंडाळून ठेवावी. आयोगाला आवश्यक वाटल्यास तो नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवितो आणि तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो. विक्रेत्याच्या बाजूने कोणीतरी मला अलीकडेच सुचवून पाहिले की चार बाटल्यांसाठी एवढा खर्च कशाला, पैसे परत घ्या आणि विषय मिटवा. तपासणीचा खर्च मी भरणार आहे.