मोहरावरचे पाहुणे : वसंतातील एक निसर्गफेरी

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्रात सुरू होतो; परंतु गोव्यातील आंबा-काजूच्या बागांत त्याची चाहूल माघ-फाल्गुनातच लागते. आंब्याला मोहर, काजूला तुरे आणि रानाच्या कडेला फुललेला पांगारा, अशा या दिवसांत शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एक सकाळ बागेत घालवावी. हा केवळ विरंगुळा नव्हे. गावाचे उत्पन्न ज्या चिमुकल्या जीवांवर अवलंबून आहे, त्यांची ओळख करून घेणे हा या फेरीचा हेतू होय.

पूर्वतयारी : सकाळी ७ ते १० ही वेळ उत्तम. पाच-सहा मुलांचा एक गट करावा. वही, पेन्सिल व घड्याळ पुरेसे आहे. घरट्यांना हात लावू नये आणि आग्या मोहोळाच्या जवळ जाऊ नये.

पक्षी : पांगाऱ्याखाली शांत उभे राहावे. साळुंक्या, बुलबुल व सूर्यपक्षी मधासाठी येतात आणि त्यांच्या कपाळाला लागलेले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. तारेवर बसलेला दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल व हिरवा वेडा राघू मात्र मुख्यतः कीटकभक्षी आहेत. ते उडते किडे झेप घेऊन टिपतात. सूर्यपक्षी स्वतः मध पितो, पण पिलांना कोळी व किडे भरवतो. कोणता पक्षी काय खातो, एवढे पाहिले तरी त्याचे बागेतील काम कळते.

कीटक : आंब्याच्या एकाच मोहरात नरफुले व द्विलिंगी फुले असतात, फळ धरते ते द्विलिंगी फुलांनाच. काजूच्या तुऱ्यातही तसेच असते. परागवहनाचे काम मुख्यतः माश्या, सातेरी व फुलोरी मधमाश्या आणि इतर लहान कीटक करतात. एका मोहरासमोर १० मिनिटे बसून येणारे कीटक मोजावेत. मोहराचा रस शोषणारे तुडतुडे आणि काजूच्या कोवळ्या फुटीवरील ढेकण्या हे शत्रू वेगळे ओळखावेत. पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या चावतात खऱ्या, परंतु काजूवरील ढेकण्यांना त्या आवर घालतात.

प्रयोग : फुले उमलण्यापूर्वी एकाच झाडाच्या ५ मोहरांवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधाव्यात व शेजारचे ५ मोहर दोऱ्याने खूण करून उघडे ठेवावेत. फुलोरा संपताच पिशव्या काढाव्यात. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर दोन्हींकडील फळे मोजावीत आणि सुपारीएवढी झाल्यावर पुन्हा मोजावीत. पुष्कळ फळे निसर्गतःच गळतात, म्हणून दोनदा मोजणे आवश्यक आहे. झाकलेल्या मोहरांवर फळे फारच थोडी धरलेली दिसतील.

बोध : तुडतुड्यांसाठी मारलेले औषध मित्र-कीटकांनाही मारते. म्हणून मोहर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळावी. अगदी अपरिहार्य झाल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर सायंकाळी करावी. मुलांच्या वह्यांतील आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आपल्याच बागेत, आपल्याच मुलांनी मोजलेला आकडा शेतकऱ्यास शंभर सूचनांपेक्षा अधिक पटतो.