आईला विचारायचं राहिलं

आईची औषधं मी मोबाइलवरून मागवते. एका रात्री ॲप उघडलं तर वर हिरवी पट्टी: 'तुमचं प्रोफाइल ८० टक्के पूर्ण'. उरलेले वीस टक्के मला स्वस्थ बसू देईनात. आईचं वजन भरलं, साखर भरली, जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो चढवले. त्यात मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठीही होती. शेवटच्या पानावर 'कुटुंबीयांना माहिती दिसू द्या' या चौकटीत खूण आधीच केलेली. खाली ठसठशीत बटण: 'हो, मला आईची काळजी आहे'. त्याखाली मुंगीएवढ्या, फिकट अक्षरांत: 'नको, मी धोका पत्करते'. असं कोण म्हणेल? मी 'हो' दाबलं.

पुढच्या रविवारी भाऊ-वहिनी जेवायला आले. भावाचा फोन भाच्याच्या हातात होता. त्यानं मोठ्यानं वाचलं, "आजीची डिप्रेशनची गोळी संपत आलीय." आई पोळी वाढत होती, तिचा हात तसाच थांबला. बाबा गेल्यावर सुरू झालेली ती गोळी फक्त आम्हा दोघींना माहीत होती. रात्री ती एवढंच म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस गं."

जबरदस्ती कुणीच केली नव्हती. 'हो'ची वाट उताराची होती, 'नको'ची चढाची, इतकंच. आजारी माणसाच्या काळजीत असताना तर उतार दिसतही नाही. 'नको' म्हणणाऱ्याला ओशाळं करणारी असली बटणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालत नाहीत. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो, की संमती स्वतःच्या स्पष्ट कृतीतून दिलेली हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. त्यात उदाहरणच आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपला फोनमधले संपर्क लागत नाहीत, म्हणून त्यासाठी घेतलेली संमती धरायची नाही. पण या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होतेय, आणि आपलं बोट तर आजच बटणावर आहे.

म्हणून सांगते, घरी औषध पोचायला पत्ता आणि चिठ्ठी लागते, वजन लागत नाही. पट्टी अर्धी राहिली तरी गोळ्या येतात. दवाखान्यात 'आभा' हा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक मागितला तर तोही ऐच्छिक आहे, हे माहीत असू द्या. रात्री दमलेलं असताना कुठलाच फॉर्म पूर्ण करू नका. आधी फिकट अक्षरं वाचा. आणि माहिती दुसऱ्याची असेल, मग ती सख्ख्या आईची का असेना, तर फोन बाजूला ठेवून आधी तिला विचारा.

ती खूण काढायला आम्ही दोघी शेजारी बसलो. सेटिंग्जमध्ये तीन पानं आत गेल्यावर ती सापडली. आईनं चष्मा लावला, बोट टेकवलं आणि विचारलं, "आणि तो चिठ्ठीचा फोटो? तो कुठं आहे?"